ढाल महाविद्यालयाची, गुडघा पोराचा

केंद्रीय मंत्रिमंडळाने १ जुलै २०२५ रोजी नवे राष्ट्रीय क्रीडा धोरण मंजूर केले आणि २००१ चे जुने धोरण मागे पडले. नव्या धोरणाची नजर २०३६ च्या ऑलिंपिकवर आहे. क्रीडाशास्त्र आणि क्रीडावैद्यक हे शब्दही त्यात आले आहेत, ही चांगलीच गोष्ट झाली. पण दिल्लीत निघालेला कागद तालुक्याच्या महाविद्यालयाच्या मैदानापर्यंत पोचायला किती वर्षे लागतात, हे आपल्याला नवीन नाही. तोवर साधा प्रश्न शिल्लक राहतो. कॉलेजच्या संघातून खेळताना आपल्या पोराचा गुडघा गेला, तर त्याला मैदानातून उचलणार कोण, डॉक्टरकडे नेणार कोण, आणि बिल भरणार कोण?

हा प्रश्न शहरातल्यापेक्षा खेड्यातल्या घरांना जास्त लागू आहे. ग्रामीण भागातल्या महाविद्यालयांचे कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि लांब पल्ल्याच्या धावण्याचे संघ कोणाच्या जिवावर उभे असतात, हे सांगायला नको. पहाटे धारा काढून, गुरांना वैरण टाकून, एसटीचा पास खिशात घालून येणारी ही मुले असतात. खेळाकडे ती हौस म्हणून बघत नाहीत. क्रीडा गुण मिळतील, शासकीय नोकरीतले खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण मिळेल, नाहीतर पोलीस, सैन्य, रेल्वे यांपैकी एखादे दार उघडेल, असा हिशेब घरात सगळ्यांनी मिळून केलेला असतो. म्हणून गुडघा गेला म्हणजे नुसता खेळ जात नाही. भरतीही जाते, आणि सुगीच्या दिवसांत शेतातले एक माणूसही कमी होते.

महाविद्यालयाचा हिशेब वेगळा असतो. निवड चाचणी, मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, विभागीय, विद्यापीठाचा संघ, पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ आणि नशीब असेल तर अखिल भारतीय, अशी ही शिडी आहे. प्रत्येक पायरीवर ढाल मिळते, पेपरात फोटो येतो, नॅकच्या अहवालात पदकांचा आकडा जातो. त्यात गैर काही नाही. पण पदकांची नोंद ठेवतात तशी दुखापतींची वही ठेवणारे महाविद्यालय शोधावे लागेल. स्पर्धेआधी तंदुरुस्तीचा दाखला लागतो, तो बहुतेक ठिकाणी कसा मिळतो हेही गुपित नाही. पंचवीस फॉर्म एकावर एक ठेवायचे, डॉक्टरांनी सही-शिक्का मारायचा. छातीला स्टेथोस्कोप लागत नाही. घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले आहे का, धावताना कधी चक्कर आली होती का, हे दोन प्रश्नसुद्धा कोणी विचारत नाही. वास्तविक धावताना कोसळणाऱ्या पोरांतली काही या दोन प्रश्नांवरच आधी ओळखता येतात.

गुडघ्याचे काय होते

कबड्डीत चढाई करताना पाय मातीत रोवलेला आणि अंग वळलेले, अशा वेळी गुडघ्यात 'कट्' असा आवाज येतो. पोरगा खाली बसतो. कोणीतरी पाय ओढतो, कोणी चोळतो, कोणी गरम पाण्याने शेकायला सांगतो. हे तिन्ही उपाय चुकीचे आहेत. त्या वेळी पाय हलवू नये, बर्फ फडक्यात गुंडाळून लावावा, पट्टी बांधावी, पाय उंच ठेवावा आणि चालवत न नेता उचलून न्यावे. पण 'चल उठ, अजून पाच मिनिटं राहिलीत' असे म्हणणारा माणूस बहुधा जवळच उभा असतो.

दुसऱ्या दिवशी गुडघा कलिंगडासारखा सुजतो. तालुक्याला एक्स-रे निघतो आणि 'हाड शाबूत आहे' असे सांगितले जाते. घरचे सुटकेचा श्वास टाकतात. इथेच घात होतो. एक्स-रेत हाड दिसते, लिगामेंट दिसत नाही. तुटलेल्या लिगामेंटसाठी जाणकार डॉक्टरने गुडघा हाताने तपासावा लागतो आणि खात्रीसाठी एमआरआय लागतो. मग हाडवैद्याचा लेप होतो, पंधरा-वीस दिवसांत सूज उतरते, पोरगा चालायला लागतो. चालता येते म्हणजे बरा झाला असे समजून पुन्हा मैदानात उतरतो. गुडघा दुसऱ्यांदा फिरतो तेव्हा लिगामेंटबरोबर आतली गादीही फाटते. पहिल्या दिवशी योग्य सल्ला मिळाला असता तर जे एका दुखापतीवर भागले असते, त्याची आयुष्यभराची दुखणी होते. हाडवैद्यांवर माझा राग नाही, गावाला आधार त्यांचाच असतो. पण लिगामेंट लेपाने जुळत नाही, हे त्यांच्यातल्या शहाण्यांनाही माहीत आहे.

आपल्या मातीतल्या सर्वांत मोठ्या नावाचीही गोष्ट अशीच आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा त्यांच्या महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढली. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही गोष्ट प्रत्येक स्नेहसंमेलनात सांगितली जाते. पुढच्या ऑलिंपिकची तयारी चालू असताना त्यांचा गुडघा दुखावला आणि ऑलिंपिक तिथेच संपले, हे मात्र कोणी सांगत नाही. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. पाठवण्यासाठी पैसा उभा राहिला, पण दुखापत झाल्यावर सांभाळण्याची व्यवस्था नव्हती. सत्तर वर्षांनंतरही तालुक्याच्या पातळीवर चित्र फार बदललेले नाही.

याच्या उलट उदाहरण बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे यांचे. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या स्पर्धेत पाण्याच्या अडथळ्यापाशी ते पडले आणि त्यांच्या गुडघ्याचे लिगामेंट गेले. त्यांची लगेच तपासणी झाली, शस्त्रक्रिया झाली, पुढचे व्यायाम ठरवून मिळाले. कारण ते सैन्यात आहेत, देशाचे नामांकित खेळाडू आहेत, पाठीशी यंत्रणा आहे. पण साबळे होण्याआधीची पाच वर्षे जो पोरगा तालुक्याच्या मैदानावर काढतो, त्याच्या पाठीशी कोण आहे?

कागदावरच्या योजना आणि त्यांच्या भेगा

'विमा आहे की' असे उत्तर गावात हमखास मिळते. बँकेतून वर्षाला वीस रुपये कापले जातात, ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान आहे. दोन्ही योजना चांगल्या आहेत, अनेक घरांना त्यांनी हात दिला आहे. पण त्या मृत्यूसाठी आणि हात, पाय, डोळा कायमचा गेला तर आहेत. लिगामेंट तुटले तर पाय जागेवर असतो. त्यामुळे या दोन्हींतून एक पैसा मिळत नाही. सरपंच, ग्रामसेवकांनी हे लोकांना स्पष्ट सांगायला हवे, नाहीतर माणूस तलाठी कार्यालय आणि बँक यांच्यात हेलपाटे घालत बसतो.

पहिली ते बारावीसाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा योजना आहे. २०२२ च्या सुधारणेनंतर तिच्यात खेळताना जखमी झालेल्या विद्यार्थ्याच्या रुग्णालयाचा प्रत्यक्ष खर्च एक लाख रुपयांच्या मर्यादेत मिळण्याची सोय झाली. म्हणजे अकरावी-बारावीतल्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या खेळाडूलाही ती लागू पडते. प्रस्ताव प्राचार्यांमार्फत जातो. किती पालकांना हे माहीत आहे? आणि गंमत बघा. बारावीचा निकाल लागून पोरगा त्याच आवारात, त्याच मैदानावर, एफ.वाय.ला आला की ही योजना संपते. खेळ जास्त जोराचा होतो, स्पर्धा मोठ्या होतात, आणि नेमके तेव्हाच छत्र जाते. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाने २०२३ मध्ये अल्प हप्त्याचा विमा आणला, काही विद्यापीठांच्या स्वतःच्या विद्यार्थी विमा योजनाही आहेत. पण त्यात खेळताना झालेली दुखापत धरली आहे का, फक्त मृत्यू-अपंगत्वच धरले आहे का, हे पॉलिसी वाचल्याशिवाय कळत नाही. आणि पॉलिसी पाहिलेला विद्यार्थी विरळाच.

राहता राहिली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. खरा आधार हाच आहे. २०२३ मध्ये शासनाने तिची मर्यादा दीड लाखावरून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांवर नेली आणि पिवळ्या-केशरीबरोबर पांढऱ्या शिधापत्रिकेलाही आत घेतले. खासगीत दुर्बिणीतून केलेल्या लिगामेंटच्या ऑपरेशनचा खर्च लाखाच्या पुढे सहज जातो. त्यामुळे दाखल होण्याआधी, पुन्हा सांगतो, दाखल होण्याआधी, योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठावे आणि नेमके हे ऑपरेशन यादीत बसते का ते विचारावे. आधी पैसे भरून नंतर योजना मागणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

पण या योजनेलाही एक भेग आहे. ऑपरेशन आणि डिस्चार्जनंतर सुमारे दहा दिवसांची तपासणी व औषधे एवढे तिच्यात बसते. लिगामेंटच्या ऑपरेशननंतर मैदानात परतायला मात्र निदान नऊ महिने जावे लागतात, आणि त्या नऊ महिन्यांत रोजचा ठरवून दिलेला व्यायाम हेच खरे औषध असते. सर्जनने अर्धे काम केलेले असते, उरलेले अर्धे फिजिओथेरपीचे. दहा दिवस आणि नऊ महिने यांच्यामधली पोकळी कोण भरणार? जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग आहे, खर्च नाममात्र आहे. पण गाव ते जिल्हा हेलपाटा, कुबड्या घेऊन एसटीत चढणे, बरोबरच्या माणसाची बुडालेली मजुरी, हे कोणत्याही योजनेत बसत नाही. चार फेऱ्यांनंतर पोरगा जायचे सोडतो. मांडी बारीक होते, गुडघा ताठ राहतो, आणि 'ऑपरेशन फसलं' असे गावात म्हटले जाते. ऑपरेशन फसलेले नसते.

कुस्तीगीर आणि वजन

गुडघा निदान दिसतो तरी. कुस्तीच्या आणि कबड्डीच्या पट्ट्यात दुसरे एक दुखणे आहे, ते कोणी दुखणे मानतच नाही. स्पर्धेआधी वजन उतरवणे. दोन दिवस पाणी बंद, अंगात रबरी किंवा प्लॅस्टिकचा सूट, त्यावर स्वेटर, आणि उन्हात धावणे. थुंकून थुंकून शंभर ग्रॅम कमी करणारे पैलवान तालमीत सगळ्यांनी पाहिले आहेत. वस्ताद त्याला जिद्द म्हणतात.

अमेरिकेत १९९७ साली नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, पाच आठवड्यांच्या आत, तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर याच पद्धतीने मेले. एक नॉर्थ कॅरोलिनात, दुसरा विस्कॉन्सिनमध्ये, तिसरा मिशिगनमध्ये. तिघांची तऱ्हा एकच. पाणी तोडलेले, घाम बाहेर न सोडणारा सूट, तापवलेली जागा, आणि तशात जोराचा व्यायाम. शरीरातले पाणी संपले, ताप चढत गेला, हृदय बंद पडले. तिथल्या महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेने, एनसीएएने, जानेवारी १९९८ मध्ये, हंगाम चालू असतानाच, नियम बदलले. रबरी सूट, वाफेच्या खोल्या, लघवी वाढवणारी औषधे यांना बंदी आली. वजन आदल्या दिवशी न करता कुस्तीच्या दोन तास आधी करायचे ठरले, म्हणजे पाणी तोडून वजन द्यायचे आणि रात्रभरात भरून काढायचे हा धंदाच बंद. पुढच्या हंगामापासून प्रत्येक पैलवानाची सुरुवातीलाच लघवीची आणि चरबीची तपासणी होऊ लागली, त्यावरून त्याचा सर्वांत खालचा गट ठरू लागला, आणि आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्याहून जास्त उतरायचे नाही अशी अट आली.

या नियमांना मोठी यंत्रे लागत नाहीत, हे लक्षात घ्या. एक चांगला वजनकाटा, लघवीची साधी तपासणी, चरबी मोजायचा चिमटा आणि एक वही. साठ किलोचा पोरगा सत्तावन्न किलोत खेळणार असेल तर त्याला निदान साडेतीन आठवडे लागतील, एवढा हिशेब ग्रामपंचायतीचा शिपाईही करील. जागतिक कुस्ती संघटनेनेही २०१८ पासून स्पर्धेच्या दोन्ही दिवशी सकाळी वजन घ्यायला सुरुवात केली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट दुसऱ्या दिवशी शंभर ग्रॅमने अडकल्या, ते या नियमापायीच. त्या वेळी देशभर हळहळ झाली. पण आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत वजन कसे उतरवले जाते, याची चौकशी त्या हळहळीतून कुठे झाल्याचे ऐकिवात नाही.

अमेरिकेची उदाहरणे देतो म्हणून तिकडे सगळे सोन्याचे आहे असे मुळीच नाही. तिथे महाविद्यालयीन खेळ हा अब्जावधी डॉलरचा धंदा आहे. एनसीएएचा जन्मच १९०६ साली फुटबॉलमध्ये पोरे मरू लागली म्हणून झाला, आणि मोठ्या विद्यापीठांवर खेळाडू शिकून बाहेर पडल्यावरही दोन वर्षे त्याच्या खेळातल्या दुखापतीचा खर्च उचलायची सक्ती यायला २०२४ साल उजाडले. म्हणजे एकशे अठरा वर्षे. खेळाडूला मैदानात सोडायचे की नाही हे डॉक्टर ठरवील, प्रशिक्षकाने त्यात हात घालायचा नाही, असा नियम तिथल्या बड्या विद्यापीठांनी २०१६ मध्ये केला. तरीही मे २०१८ मध्ये मेरिलँड विद्यापीठाचा एकोणीस वर्षांचा फुटबॉलपटू सरावात उष्माघाताने कोसळला. तिथे प्रशिक्षित माणसे होती, सोयी होत्या. पण वेळेवर ताप मोजला नाही, बर्फाच्या पाण्यात बुडवले नाही, रुग्णवाहिका निघेपर्यंत तासाहून अधिक वेळ गेला. पंधरा दिवसांनी तो दवाखान्यात वारला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली, मुख्य प्रशिक्षकाला काढले गेले, २०२१ मध्ये कुटुंबाला पस्तीस लाख डॉलर द्यावे लागले. कागदावर नियम असून भागत नाही, तो वापरायची हिंमत असलेला माणूस मैदानावर लागतो.

ताडपत्री आणि बर्फ

हे आपल्यासाठी दूरचे नाही. ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये झारखंडमधल्या उत्पादन शुल्क शिपाई भरतीत दहा किलोमीटर धावताना दहाहून अधिक उमेदवार दगावले. आपल्याकडे महाविद्यालयाचा धावपटू आणि भरतीचा उमेदवार हा बहुधा एकच पोरगा असतो. सकाळी संघाचा सराव, संध्याकाळी अकादमीची धाव, आणि दोन्ही डांबरी रस्त्यावर. नडगीचे हाड दुखते ते त्यामुळेच. त्याला 'शिरा आखडल्या' म्हणून सोडून देतात, आणि कित्येकदा हाडाला बारीक चीर गेलेली असते.

धावताना पोरगा बरळायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. त्याचा नियम एका ओळीचा आहे : आधी थंड करा, मग हलवा. १०८ ला फोन लावा, पण गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. ताडपत्री पसरा, पोराला तिच्यावर घ्या, चारी बाजू वर धरून हौदासारखी करा आणि आत पाणी आणि बर्फ ओता. डोके पाण्याबाहेर धरा, पाणी हलवत राहा. क्रीडावैद्यकात ही मान्यता पावलेली पद्धत आहे. अर्ध्या तासाच्या आत अंग थंड झाले तर माणूस जवळपास हमखास वाचतो. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नये. ताडपत्री आपल्याकडे घराघरात आहे. बर्फ स्पर्धेच्या ठिकाणी सरबताच्या गाड्यावर असतो, फक्त खेळाडूसाठी नसतो.

इंजेक्शनाचा धोका

दुखणे लपवून खेळायचे तर इंजेक्शन हा सोपा मार्ग वाटतो. बाजाराच्या गावी कोणी ना कोणी देतोच. गुडघ्यात, खांद्यात टोचल्या जाणाऱ्या अशा इंजेक्शनांत पुष्कळदा स्टेरॉईड असते. १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धेच्या काळात असे कोणतेही स्टेरॉईडचे इंजेक्शन उत्तेजकात मोडते, मग ते दुखण्यासाठी घेतलेले का असेना. म्हणजे पोरगा भोळेपणाने दुखणे मारायला जातो आणि 'नाडा'च्या चाचणीत सापडून बंदी ओढवून घेतो. शिवाय व्यायामशाळेतली बिनलेबलची पावडर आहेच. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत तपासणी पथक आल्याचे कळताच शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उभा राहिला. हसावे की रडावे! अशा वेळी खेळाडूला 'हे औषध चालेल का' असे विचारायला जवळ एक डॉक्टर असता, तर निदान अजाणतेपणी होणारे नुकसान तरी टळते.

मुलींचे दुखणे तर आणखी दडलेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) राज्यातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के, स्त्रियांत रक्त कमी आढळले. खो-खो आणि धावण्याच्या संघातल्या मुली याच घरांतून येतात. 'हिचा दम कमी पडतोय' म्हणून तिला जास्त पळवतात, आणि रक्त तपासले तर हिमोग्लोबिन नऊ. शिवाय लिगामेंट तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा दुपटीहून अधिक असतो. उडी मारून गुडघा वाकवून कसे उतरावे, याच्या पंधरा मिनिटांच्या व्यायामाने तो बराच कमी होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन फुकट तपासतात, लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. मासिक पाळी बंद झाली तर ती सरावाने 'सुटली' असे समजू नये. खाणे कमी आणि कष्ट जास्त झाल्याची ती खूण असते, आणि पुढे हाडे ठिसूळ होतात. हे बोलायला संघाबरोबर बाईमाणूस लागते. अनेक संघांबरोबर ते नसते.

पैसा नाही, हे उत्तर

प्राचार्यांना विचारले तर उत्तर ठरलेले आहे. अनुदान नाही, पदे भरली जात नाहीत, क्रीडा संचालकाची जागाच रिकामी, एखाद्या प्राध्यापकाकडे वरकड काम म्हणून क्रीडा विभाग दिलेला. यात खोटे काही नाही. क्रीडावैद्यक शिकलेला डॉक्टर देशातच मोजका आहे, तो तालुक्याला येईल अशी अपेक्षाही कोणी करू नये. पण जे मागायचे आहे त्यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही. स्पर्धेच्या दिवशी बर्फाची पेटी, ताडपत्री, स्ट्रेचर आणि पट्ट्या. दुखापतींची वही. वजनाची वही. तालुक्यातल्या एका अस्थिरोग तज्ज्ञाशी आणि ग्रामीण रुग्णालयाशी लेखी बोलणे करून ठेवणे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संघाबरोबर एक माणूस असा, ज्याने 'हा आज खेळणार नाही' म्हटले की प्रशिक्षकाने, प्राचार्याने, संस्थेच्या अध्यक्षानेही ऐकायचे. तो डॉक्टर असला तर उत्तम, नसला तर प्रथमोपचार शिकलेला शिक्षकही चालेल. पण ढालीत त्याचा वाटा नसावा. ज्याला जिंकायचे आहे त्यानेच खेळाडू फिट आहे की नाही ते ठरवायचे, ही आजची पद्धत म्हणजे बैल विकणाऱ्यानेच त्याचे दात मोजून सांगण्यासारखी आहे.

खर्चाची बाब एकच, विमा. तो विद्यापीठाने संघात निवड झालेल्यांपुरता न ठेवता निवड चाचणीला उतरणाऱ्या प्रत्येकासाठी काढायला हवा, कारण दुखापती चाचणीतही होतात आणि सरावात तर जास्त होतात. त्यात एमआरआय आणि फिजिओथेरपी स्पष्ट लिहिलेली असावी. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठात क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ आहे, आणि प्रत्येक महाविद्यालयात विकास समिती आहे, जिच्यावर स्थानिक माणसेही असतात. आपल्या भागातले सरपंच, सोसायटीचे चेअरमन, माजी विद्यार्थी अशा समित्यांवर बसलेले आहेत. बैठकीत इमारतीच्या स्लॅबवर तासभर बोलणे होते. खेळाडूच्या दुखापतीवर पाच मिनिटे बोलायला त्यांना कोणी अडवलेले नाही.

ग्रामपंचायतींनाही करण्यासारखे आहे. ऑपरेशन झालेल्या पोराला जिल्ह्याच्या हेलपाट्यांतून सोडवायचे तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट बसावा, असा ठराव चार-सहा ग्रामपंचायतींनी मिळून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठवता येतो. गावात भरतीची अकादमी चालत असेल तर तिच्याकडे ताडपत्री-बर्फाची सोय आहे का आणि उन्हात पोरे पळवतात का, हे विचारणेही पंचायतीचेच काम आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घेतला तर वेळ बरोबर साधते, कारण आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा त्यानंतरच जोर धरतात.

आणि पालकांनी प्रवेशाच्या पावतीकडे एकदा नीट बघावे. क्रीडा शुल्क, वैद्यकीय तपासणी शुल्क, विमा असे रकाने तिच्यावर असतात आणि त्यांचे पैसे आपण भरलेले असतात. तपासणी कोणत्या तारखेला झाली, तिचा कागद कुठे आहे, हे कार्यालयात विचारावे. विम्याच्या रकान्यापुढे कंपनीचे नाव, पॉलिसीचा नंबर आणि खेळातली दुखापत तिच्यात धरली आहे की नाही, हे कारकुनाकडून लिहून घ्यावे, सही-शिक्क्यासह.